नवी पट्टी, जुनी पट्टी

बॉब हिरोहाता नावाच्या तरुणाने आपली १९५१ची मर्क्युरी बॅरिस बंधूंच्या गॅरेजात नेली, तेव्हा ती गाडी जवळजवळ कोरी होती. लॉस एंजलिसजवळच्या लिनवुडमध्ये जॉर्ज आणि सॅम बॅरिस यांचे हे गॅरेज. जॉर्ज बोलका, माणसे जोडणारा, गाड्यांचे फोटो काढून मासिकांना पाठवणारा. सॅमचा हात पत्र्यावर. त्यांनी त्या गाडीचे छप्पर कापले. पुढून चार इंच आणि मागून सात इंच खाली घेतले. खिडक्यांमधला खांब काढून टाकला, पुढच्या दिव्यांच्या कडा पत्र्यात बुजवल्या, सांध्यांमध्ये शिसे वितळवून भरले आणि कानशीने घासून सपाट केले. बाजूला बुइकची क्रोम पट्टी आली, मागे लिंकनचे दिवे आले, पुढे फोर्डच्या जाळीचे तुकडे आले. मागच्या चाकांपुढे हवेसाठी झरोके पाडून त्यांत शेव्हरोलेच्या जाळीचे दात बसवले. डॅशबोर्डवर व्हॉन डच याने बारीक रेषांची नक्षी काढली. तिथल्या थराथराच्या प्लॅस्टिकच्या मुठी खुद्द हिरोहाताने घडवल्या. १९५२च्या नोव्हेंबरात लॉस एंजलिसच्या मोटोरामा प्रदर्शनात दोन हिरव्या छटांमधली ही मर्क्युरी उभी राहिली, आणि कस्टम गाड्यांच्या जगात तिच्याइतकी दुसऱ्या कुठल्या गाडीची चर्चा झाली असेल, असे मला वाटत नाही.

तिच्या मालकाचा वंशही विसरता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना सरकारने छावण्यांत डांबले होते. त्याला जेमतेम काही वर्षे लोटली असताना जपानी वंशाचा एक तरुण त्याच कॅलिफोर्नियात सगळ्यांनी वळून पाहावी अशी गाडी रस्त्यावर आणतो. पुढच्या वर्षी तिच्यात कॅडिलॅकचे इंजिन बसवतो आणि ती स्वतः चालवत इंडियानापोलिसच्या प्रदर्शनापर्यंत नेतो. गाडीच्या रेषांमध्ये हा इतिहास शोधू नये, हे मला मान्य आहे. पण गर्दीत उठून दिसण्याला त्या काळी काय किंमत मोजावी लागत असेल, हे ती गाडी पाहताना मनात येतेच.

या मर्क्युरीच्या हुबेहूब प्रतिकृती नंतर झाल्या. मिझुरीतले नामवंत कारागीर डग थॉम्पसन यांनी १९८०च्या दशकात घडवलेली प्रतिकृती सर्वांत प्रसिद्ध. तेव्हा मूळ गाडी लोकांच्या नजरेआड होती. जिम मॅकनील नावाच्या शाळकरी मुलाने ती १९५९ साली ५०० डॉलरला घेतली होती. काही वर्षे चालवून त्याने ती गॅरेजात ठेवली, आणि पुढची अनेक वर्षे ती तिथेच राहिली. त्यामुळे एका अख्ख्या पिढीने हिरोहाता मर्क्युरी डोळ्यांनी पाहिली ती थॉम्पसनच्या हातची. त्या प्रतिकृतीला कमी लेखणे मला जमत नाही. हरवलेल्या गोष्टीची आठवण जिवंत ठेवण्याचे काम तिने केले, आणि ते मोठे काम आहे.

तरीही प्रसिद्ध गाडीची नक्कल करावी की स्वतःची गाडी घडवावी, हा प्रश्न आला की मी स्वतःच्या गाडीच्या बाजूने उभा राहतो. त्याचे कारण त्या बुइकच्या पट्टीत आहे.

१९५२ साली बॅरिसच्या गॅरेजात ती पट्टी कशी आली असेल? विक्रेत्याच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवरून. ती त्या काळातली अगदी ताजी वस्तू होती. लिंकनचे दिवे, शेव्हरोलेचे दात, फोर्डची जाळी ही सगळी रस्त्यावर नुकत्याच उतरलेल्या गाड्यांची अंगे. डेट्रॉइटच्या चार वेगवेगळ्या डिझाइन विभागांनी परस्परांचा विचार न करता काढलेल्या या वस्तू. त्या एका अंगावर शोभतील, हे बॅरिस बंधूंना दिसले. ही नजर म्हणजेच त्या गाडीचे मोल. आज प्रतिकृती करणारा माणूस तीच पट्टी शोधतो, पण आता ती सत्तर वर्षांची पुरातन वस्तू झालेली असते. भंगारवाड्यांत, जुन्या सुट्या भागांच्या बाजारात महिनोन्‌महिने हिंडून, प्रचंड पैसे मोजून तो ती मिळवतो. वस्तू तीच आहे, पण कृती नेमकी उलटी झाली आहे. बॅरिस समोरच्या काळाकडे पाहत होते. नक्कल करणारा त्यांच्या पाठीकडे पाहतो.

‘अस्सल’ म्हणून आपण ज्या गाडीची पूजा करतो, तीही उसनवारीवर उभी आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सॅम बॅरिसने स्वतःच्या १९४९च्या मर्क्युरीचे छप्पर हिरोहाताच्या आधीच कापले होते. ही मर्क्युरी कापायला अवघड. तिची मागची काच आणि छपराचा उतार एकमेकांत मिसळलेले आहेत. छप्पर नुसते खाली घेतले की मागचा भाग कुबड्यासारखा दिसतो. मागची काच पुढे झुकवावी लागते आणि सगळा उतार नव्याने जुळवावा लागतो. हा मार्ग सॅमने काढला. खांब काढून खिडकीच्या क्रोमला गोलाई देण्याची कल्पना तर त्याच गॅरेजच्या आणखी एका गाडीतली. निक मॅट्रांगाची १९४०ची मर्क्युरी ती. ती गाडी थोड्याच काळात अपघातात नष्ट झाली. आज दिसते ती तिच्या फोटोंमध्ये आणि प्रतिकृतींमध्ये. म्हणजे हिरोहाताच्या गाडीत मॅट्रांगाची खिडकी आहे, सॅमचा उतार आहे, चार ब्रँडच्या गाड्यांची अंगे आहेत. तरी ती कुणाची नक्कल नाही. उसने घेतलेले प्रत्येक अंग तिथे नव्या अडचणीला भिडले आहे. १९४०च्या गाडीवर शोभणारी खिडकी १९५१च्या जाड अंगाच्या गाडीवर बसवताना तिची गोलाई बदलावीच लागते. त्या बदलात कारागिराची कसोटी असते.

प्रतिकृतीत ही कसोटी लागत नाही. तिथे उत्तर आधीच हाती असते. जुन्या मासिकांतले फोटो समोर टाचलेले असतात. काच किती झुकवायची, पट्टी कुठे वाकवायची, हिरवा किती फिका, सगळे ठरलेले. चूक झालीच तर ती मोजता येते, अर्ध्या इंचाची. स्वतःची गाडी घडवणाऱ्याची चूक कुणी मोजू शकत नाही, आणि म्हणून ती जास्त भीतीदायक असते. छप्पर चार इंच कापून झाल्यावर गाडी बेढब दिसली, तर दोष द्यायला कुणीही नसते. माणसे नकलेकडे वळतात ती आळसाने नव्हे. हुबेहूब प्रतिकृतीला मूळ गाडीपेक्षा जास्त कष्ट लागतात. माणसे वळतात ती या भीतीपोटी, असे मला वाटते. या भीतीबद्दल मला आदरच आहे. पण ज्या गाडीवर तो माणूस प्रेम करतो, ती घडली हीच भीती ओलांडून.

या वादात प्रत्यक्ष पत्रा ठोकणाऱ्या हातांचा विचार फारसा होत नाही. वितळलेले शिसे उभ्या पृष्ठभागावर घसरू न देता लाकडी फळीने पसरणे, दोन जाडीचे पत्रे वाकडे न होता जोडणे, हे सगळे पुस्तकातून येत नाही. तयार उत्तर समोर ठेवून केलेले काम हे शिकण्याचा सर्वांत खरा मार्ग आहे. विशीतल्या मुलाने पहिल्या गाडीत नक्कल करावी, मनापासून करावी. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. हात तयार झालेले, पैसा असलेले, जाणते लोक पुन्हा पुन्हा तीच गाडी मागतात, त्यांच्याबद्दल आहे.

प्रसिद्ध गाडीच्या आकारावर हक्क कुणाचा, याचा निवाडा अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. जॉर्ज बॅरिसने १९६६च्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी बॅटमोबील केली ती फोर्डच्या लिंकन फ्युचुरा या १९५५च्या प्रदर्शनी गाडीतून. ती मुळात इटलीत तुरीनच्या घिया कारखान्यात हाताने बांधलेली होती, आणि बॅरिसने ती एका डॉलरला घेतली. पुढे कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजवाल्याने बॅटमोबीलच्या प्रतिकृती विकायला सुरुवात केली, तेव्हा अपील न्यायालयाने २०१५ साली निकाल दिला की बॅटमोबील हे स्वतंत्र पात्र आहे, तिच्यावर कॉपीराइट आहे. २०२५ साली त्याच न्यायालयाने चित्रपटातल्या ‘एलेनॉर’ नावाच्या मस्टँगला तो दर्जा नाकारला. कायदा गाडीला वाचवतो ती पडद्यावरचे पात्र म्हणून. पत्रा वाकवणाऱ्या हातांना त्यात जागा नाही. म्हणून कुणाची गाडी उतरवायची, हा प्रश्न शेवटी कारागिराने स्वतःच्या सद्सद्विवेकाने सोडवायचा असतो.

मला या बाबतीत सगळ्यांत जास्त शिकवून जातो तो झीझी टॉप या बँडचा गिटारवादक बिली गिबन्स. १९७४च्या ‘द कॅलिफोर्निया किड’ या दूरचित्रपटातल्या ज्वाळांच्या काळ्या फोर्ड कूपने त्याला झपाटले. त्याने तिची नक्कल केली नाही. १९३३ची फोर्ड घेऊन लाल ‘एलिमिनेटर’ बांधून घेतली, आणि १९८३च्या अल्बमच्या मुखपृष्ठावर ती जगभर पोचली. मग तिला इतकी मागणी आली की प्रदर्शनांसाठी तिचीच दुसरी प्रत करावी लागली. इथे थांबणे सोपे होते. गिबन्स थांबला नाही. १९४८ची कॅडिलॅक घेऊन, लॅरी एरिक्सनच्या रेखाटनावरून, बॉइड कॉडिंग्टनच्या गॅरेजात त्याने १९८९ साली ‘कॅडझिला’ घडवून घेतली. लांब, काळपट जांभळी, मागे निमुळती होत जाणारी. तिच्यात १९५०च्या दशकातला प्रत्येक बॅरिस आहे आणि तिच्यासारखी एकही गाडी त्या दशकात नव्हती. क्रेग नॅफने तिचा पत्रा हाताने घडवला. ती पाहिली की हिरोहाताची मर्क्युरी माझ्या डोळ्यांपुढे येते, तिची प्रतिकृती पाहून जशी येते त्याहून स्पष्ट. दोन्ही गाड्यांमागचे धाडस एकच आहे.

खुद्द हिरोहाता मर्क्युरी मॅकनीलने पुढे १९५२च्या रूपात परत आणली. २०१७ साली ती वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत ठेवण्यात आली, अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या नोंदणीत तिचे नाव गेले, आणि २०२२ साली फ्लोरिडात लिलावात ती २१ लाख डॉलरच्या वर विकली गेली. जी गाडी मुळात कारखान्याच्या मूळ रूपाची मोडतोड होती, ती राष्ट्राचा वारसा ठरली.

आपल्याकडे हे होऊ शकणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे अधिक कडकपणे सांगितले. २०२१च्या व्हिंटेज वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात राखलेली असेल, तरच तिला मान आहे. या व्याख्येत हिरोहाता मर्क्युरी बसली नसती. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी नियम हवेत, यात शंका नाही. कापलेले छप्पर अपघातात प्राण घेऊ शकते. पण कॅलिफोर्निया दरवर्षी ठरावीक ५०० खास बांधणीच्या गाड्यांना वेगळी नोंदणी देते, आणि ब्रिटनमध्ये एकेकट्या गाडीची तपासणी करून परवानगी मिळते. पुण्यात एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे, गाड्यांची चाचणी करणारी माणसे आणि यंत्रे तिथे आहेत. त्यांनी वर्षाला मोजक्या हातबांधणीच्या गाड्या तपासून, ब्रेक, दिवे, धूर आणि सांध्यांची मजबुती पाहून त्यांना रस्त्यावर येऊ द्यावे, अशी मागणी डेंटिंग-पेंटिंगच्या कारागिरांनी आणि हौशी मालकांनी मिळून केली पाहिजे. पहिली काही वर्षे बहुतेक गाड्या परदेशी फोटोंवरूनच होतील. होऊ द्याव्यात. त्या गाड्यांवर काम करणारी मुले मग कधी तरी प्रीमियर पद्मिनीच्या छपराकडे पाहतील आणि ते किती खाली घेता येईल, हे खडूने आखू लागतील.