मोबाइलवरील तपासणी आणि गर्भवतीचा एकांत

दूर बसून रोग्यास सल्ला देण्याची रीत आतां आपल्या देशांत रुळली आहे. २५ मार्च २०२० रोजीं केंद्र सरकारनें तिला नियम घालून दिले. त्या नियमांनीं जबाबदारी डॉक्टरचीच ठेविली. प्रत्यक्ष तपासणी अवश्य आहे कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकारही त्यालाच दिला.

प्रसूतितज्ज्ञ हा अधिकार वापरतांना कचरतात, आणि त्यांची शंका आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. पोटावर हात ठेविल्यावांचून मूल आडवें आहे कीं सरळ, हें त्यांस कसें कळावें? रक्तदाब चढला तरी गर्भवतीला पुष्कळदां कांहींच जाणवत नाहीं. 'मी बरी आहें' एवढ्या उत्तरावर विसंबणारा डॉक्टर फसतो. परंतु ह्या शंकेस उपाय आहे. मेळघाटांतल्या गांवींही परिचारिका रक्तदाब मोजूं शकते, लघवी तपासूं शकते, पोट चाचपूं शकते. तिच्या हातावर विश्वास टाकावयाचा, एवढाच प्रश्न. (शहरांतील दवाखान्यांतही रक्तदाब पुष्कळदां परिचारिकाच मोजते!)

आम्हांस भीति वाटते ती निराळ्याच गोष्टीची. दवाखान्यांत डॉक्टर म्हणूं शकतो, 'बाकीच्यांनीं जरा बाहेर थांबा.' दार लागतें, आणि सासूसमोर न निघणारे शब्द बाहेर पडतात: पूर्वीं एकदां गर्भ पडला होता, घरीं मारहाण होते, हें मूल नकोच होतें. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यानें सज्ञान स्त्रीची एकटीची संमति पुरेशी मानली. नवऱ्याची मागितली नाहीं. पण मोबाइलच्या पडद्यावर चेहरा दिसतो, सगळी खोली दिसत नाहीं. यंत्र पुष्कळ घरीं नवऱ्याचें असतें. तो शेजारीं बसला आहे काय, असें विचारावें, तर उत्तरही त्याच्या देखतच यावयाचें.

दिवसाची मजुरी न बुडतां घरबसल्या सल्ला मिळतो, हें थोडें नव्हे, असें कोणी म्हणेल. थोडें नव्हेच, यंत्र नाकारणाऱ्यांच्या पक्षाचे आम्ही नाहीं. मात्र ई-संजीवनी २०१९ सालीं सुरू झाली ती आरोग्यकेंद्रांतून डॉक्टरशीं बोलण्यासाठीं. घरून थेट बोलण्याची सोय २०२० च्या टाळेबंदींत आली. गर्भवतीपुरती ती पहिलीच रीत आम्हांस बरी वाटते. त्यासाठीं दोन कोस चालत ये, असें त्या बाईस सांगण्यास आमची जीभ रेटत नाहीं. पण उपकेंद्रें बांधणाऱ्यांस, तेथें दार लागेल अशी एक खोली ठेवा, एवढें सांगूं शकतों.