वतनदारांची विद्यापीठे

मार्च २०१९मध्ये अमेरिकेत ‘व्हर्सिटी ब्लूज’ प्रकरण बाहेर आले. अभिनेत्री लोरी लॉकलिन आणि तिच्या नवऱ्याने पाच लाख डॉलर मोजून दोन्ही मुलींना सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात नौकानयनपटू म्हणून घुसवले होते. वल्ह्याशी मुलींचा संबंध फक्त फोटोपुरता. दुसरी अभिनेत्री फेलिसिटी हफमनने पंधरा हजारांत लेकीच्या एसएटी या प्रवेशपरीक्षेची उत्तरे दुरुस्त करवून घेतली. दोघींनाही तुरुंगवास घडला.

दलाल रिक सिंगर गिऱ्हाइकांना तीन दरवाजे समजावून सांगे: पुढचा गुणवत्तेचा, मागचा घसघशीत देणगीचा आणि त्याने पाडलेला बाजूचा, पुष्कळ स्वस्त. गुन्हा ठरला तो बाजूचा.

मागचा बहुतेक ठिकाणी कायदेशीरच आहे. लाच प्रशिक्षकाच्या खिशात जाते, देणगी संस्थेच्या तिजोरीत, आणि त्याच तिजोरीतून गरिबांच्या शिष्यवृत्त्या निघतात, असा त्याचा बचाव. तो अगदीच पोकळ नाही. पण ज्याची जागा गेली, त्या मुलाला पैसा कोणाच्या खिशात पडला याने काय फरक पडतो?

शिवाय देणगीही न देता चालणारी वतनदारी आहेच. हार्वर्डच्या प्रवेशांवरील खटल्यात उघड झालेल्या आकड्यांनुसार माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे ३४ टक्क्यांना प्रवेश मिळे, इतरांपैकी जेमतेम सहा टक्क्यांना. यातली काही मुले खरोखर हुशार असणार, हे मान्य. मात्र अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२३मध्ये दाखवले की परीक्षेतले गुण सारखे असले, तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना अशा विद्यापीठांत शिरण्याची शक्यता मध्यमवर्गीयांच्या दुपटीहून अधिक असते.

आता अवघड प्रश्न. गुण तरी कोणाचे? तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१मध्येच म्हटले होते की बुद्धीच काय, कष्ट करण्याची वृत्तीसुद्धा घर आणि नशीब घडवते. आपल्याकडे याला पूर्वसुकृत म्हणून मोकळे होतात. सोयीचा शब्द! ज्याला मिळाले, तो त्यावर हक्कही सांगतो. तत्त्वज्ञ मायकेल सँडेल यांनी तर पात्र मुलांमधून चिठ्ठ्या टाकून निवड करा, असे सुचवले आहे. तेच जास्त प्रामाणिक वाटते. निर्भेळ गुणवत्ता कुठेच नसते हे खरे, पण म्हणून जागा विकायला परवानगी मिळत नाही.

कॅलिफोर्नियाने २०२४मध्ये राज्य सरकारची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या खासगी विद्यापीठांतही वारस आणि देणगीदारांना झुकते माप देण्यावर बंदी घातली. स्टॅनफर्डने या मदतीवरच पाणी सोडले; वारसांची सवलत सोडली नाही.