न मागितलेली वकिली

दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याला कोण देतो? ज्याचे दुःख त्याने सांगावे. त्याने न बोलावता आपण पुढे झालो, तर ती सेवा म्हणावी की ढवळाढवळ? कायद्याचे उत्तर स्पष्ट होते: ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच न्यायालयात यावे आणि वकिलाने त्याच्या सहीचे वकीलपत्र घेऊनच उभे राहावे. हा नियम निरर्थक नव्हे. माझ्या आयुष्याचा निर्णय परक्याने परस्पर करू नये, एवढा मान तो प्रत्येक माणसाला देतो.

१९७९ साली सर्वोच्च न्यायालयातील वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांच्या वाटेत हाच नियम आडवा आला. बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांविषयी राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी यांचे लेख वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाले होते. किरकोळ आरोपांखाली माणसे वर्षानुवर्षे खितपत पडली होती. गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ काहींनी खटल्याविनाच भोगला होता. जामिनाला पैसा नाही, बाजू मांडायला वकील नाही. अशा माणसाने वकीलपत्रावर सही तरी कशी करावी? हिंगोरानींनी वकीलपत्राविनाच याचिका दाखल केली. न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने ती दाखल करून घेतली आणि खटला वेळेत चालणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा दिला. ‘हुसैनारा खातून’ या नावाने गाजलेल्या त्या खटल्यामुळे पुढे सुमारे चाळीस हजार कैदी सुटल्याचे सांगितले जाते.

रुदुल शाह याची बाजूही त्यांनीच मांडली. १९६८ साली निर्दोष ठरलेला हा माणूस १९८२ पर्यंत तुरुंगातच होता. १९८३ साली न्यायालयाने त्याला भरपाई देवविली. गेलेली चौदा वर्षे मात्र कोण देणार?

मग हिंगोरानींनी ढवळाढवळ केली काय? मला वाटते, याचे उत्तर त्यांनी काय मागितले यात आहे. त्यांनी कैद्यांसाठी दयेची याचना केली नाही, त्यांच्या नावाने तडजोडही केली नाही. जे त्यांचेच होते ते परत मागितले. दयेत देणारा मोठा होतो. न्यायात घेणाऱ्याची मान ताठ राहते.

हिंगोरानी २०१३ साली निवर्तल्या. मोफत विधिसाहाय्याचा कायदा १९९५ पासून अमलात आहे. तरीही २०२२ च्या अखेरीस देशातील दर चार बंद्यांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदीच होते. हाक ऐकू आली नाही, हे आपले नेहमीचे समर्थन असते. भिंतीआडच्या माणसाची हाक बाहेर येत नाही, म्हणूनच तर कुणीतरी भिंतीपाशी जायचे असते.