मनोऱ्यांची उंची आणि चिखलीची जमीन

देहू आणि आळंदी या दोन तीर्थक्षेत्रांच्या दरम्यान, इंद्रायणीच्या दक्षिण तीरावर वसलेले आणि वारकऱ्यांच्या स्मृतीत टाळगाव म्हणून नांदणारे चिखली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. आणि शेतांच्या जागी पत्र्याच्या शेडी, शेडींच्या शेजारी बहुमजली गृहसंकुले, ही सारी स्थित्यंतरे एकाच पिढीने आपल्या डोळ्यांदेखत पाहिली. या संकुलांच्या उंचीविषयी आज जो वाद चालतो, त्यात एक पक्ष म्हणतो की चाकण, भोसरी, तळवडे येथे राबणाऱ्या लक्षावधी हातांना घर हवे असेल तर वर चढण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरा म्हणतो की गावाचे पाणी, वारा आणि वाट या मनोऱ्यांनी हिरावून घेतली. दोन्ही पक्ष मजले मोजतात. मनोरा जमिनीला भिडतो त्या ठिकाणी तो जमिनीचे, पाण्याचे आणि वाटसरूचे काय करतो, हे आधी ठरावे आणि उंची त्यावरून निघावी, असे माझे प्रतिपादन आहे.

बुटकी वस्ती निरुपद्रवी असते हा समज तर चिखलीतच खोटा ठरला. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली, उभे राहिलेले ३६ बंगले, राष्ट्रीय हरित लवादाचा २०२४ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयात कायम झाल्यानंतर, महापालिकेने १७ मे २०२५ रोजी जमीनदोस्त केले. त्या कुटुंबांचे दुःख खरे आहे आणि त्याची सारी जबाबदारी त्यांच्याच माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु जमिनीच्या विनियोगाच्या दृष्टीने पाहता, एवढ्या कुटुंबांना पूररेषेबाहेरची एक मध्यम उंचीची इमारत पुरली असती आणि नदीचा तेवढा काठ मोकळा राहिला असता. उंचीचे नैतिक समर्थन कशाने होत असेल, तर ते अशा वाचवलेल्या भूमीनेच होते.

प्रश्न असा, की आपली नियमावली ही भूमी खरोखर वाचवते काय? डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार गावठाणासारख्या दाट वस्तीबाहेरच्या भूखंडाला मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१ मिळतो, अधिमूल्य भरून आणि हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे बाजारात ज्याला टीडीआर म्हणतात तो, विकत घेऊन ३० मीटर वा अधिक रुंदीच्या रस्त्यावर तो ३ पर्यंत वाढवता येतो, आणि त्यावर निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्राची मुभा असते. उंचीची सनद अशा रीतीने मुख्यतः रस्त्याची रुंदी आणि खरेदी केलेले हक्क या दोन आधारांवर मिळते. एखादा खातेदार उद्यानाच्या आरक्षणाखालची आपली जमीन देतो, त्याच्या मोबदल्यात हक्काचे प्रमाणपत्र निघते आणि त्या प्रमाणपत्राचे मजले शहराच्या दुसऱ्याच टोकाला चढतात. म्हणजे मैदान एका वस्तीला आणि गर्दी दुसऱ्या वस्तीला, असा हा व्यवहार असू शकतो. जिथे उंची द्यावयाची तिथेच, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, मोकळी जमीन मिळालीच पाहिजे, हा निर्बंध घातल्यावाचून टीडीआरचे तत्त्व न्याय्य होणार नाही.

पाण्याचा हिशेब याहून कठोर आहे. दोनशे सदनिकांचा एक मनोरा आणि प्रत्येक घरी चार माणसे धरली, तर दरडोई १३५ लिटरच्या प्रचलित मानकाने रोज १ लाख ८ हजार लिटर पाणी लागते. ते नळाने आले नाही तर दहा हजार लिटरचे अकरा टँकर रोज त्या फाटकाशी उभे राहिले पाहिजेत. ज्या शहराला २५ नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला, त्या शहरात हा केवळ गणिताचा खेळ नव्हे. आंद्रा धरणाचे पाणी निघोजे येथे इंद्रायणीतून उचलून चिखलीत शुद्ध करणारे १०० दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र उभे राहिले, हे स्वागतार्हच. पण धरणाचे पाणी कोणाच्या तरी शेताशेजारून येते. याच शहरासाठी पवना धरणातून आखलेल्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचे प्राण गेले. शहराच्या प्रत्येक नव्या मजल्यावरचा नळ कोणत्या खोऱ्यात जाऊन पोहोचतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याने तरी पाणी मिळेपर्यंत विकासकच ते पुरवील अशा हमीपत्रावर बांधकामाची परवानगी देऊ नये. हमीपत्र देणारा इमारत सोपवून निघून जातो आणि टँकरची देयके सोसायटीच्या दप्तरात वर्षानुवर्षे साचत राहतात.

आता आकृतीविषयी. २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य चिखलीच्या आकाशात क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश चढतो. त्या क्षणी ७० मीटर उंचीच्या मनोऱ्याची सावली उत्तरेकडे सुमारे ६३ मीटर पडते आणि सकाळ-संध्याकाळी ती कितीतरी लांबते. उत्तरेला मोकळे पटांगण असेल तर तिचा उपद्रव नाही, जुन्या गावठाणातली दुमजली घरे असतील तर हिवाळ्याचे ऊन त्यांच्या अंगणातून उठून जाते. तरीही आराखडा मंजूर करताना सावलीचा नकाशा मागितल्याचे क्वचितच ऐकू येते. याहून मोठा दोष पायथ्याचा आहे. खालचे दोन-तीन मजले वाहनतळासाठी, त्यांच्या छतावर बाग, आणि रस्त्याकडे तोंड करून एक लांबलचक आंधळी भिंत! त्या बागेतला वृक्ष कुंडीतलाच राहतो, त्याच्या मुळांना भूगर्भ भेटत नाही, पावसाचे पाणी जमिनीत न मुरता गटाराला मिळते. पॅरिसने मोंपार्नासचा मनोरा १९७३ मध्ये पुरा झाल्यानंतर १९७७ साली शहरातल्या इमारतींना ३७ मीटरची मर्यादा घातली. तसा सरसकट निर्बंध चिखलीला मानवणार नाही, कारण इथे घरांची निकड फार आहे. परंतु तळमजल्यावर दुकाने, दवाखाना, पाळणाघर, बसायला ओटा आणि मातीत रुजलेली झाडे असावीत, ही अट घालण्यास उंचीचा अडथळा नाही.

संकट उंचीच्याच आश्रयाने येते असेही नाही. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे चिखलीच्या पूर्णानगरात दुकानाला आग लागून आत झोपलेल्या एका कुटुंबातील चौघे दगावले. ते जमिनीलगतच राहत होते. बाहेर पडण्याची दुसरी वाट असणे, हे तळमजल्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत घराचे पहिले लक्षण मानले पाहिजे आणि तिची तपासणी भोगवटा प्रमाणपत्रानंतरही थांबता कामा नये.

मे २०२५ मध्ये शहराचा सुधारित विकास आराखडा प्रारूप म्हणून प्रसिद्ध झाला आणि त्यावर हजारो हरकती दाखल झाल्या. हरकती बहुधा आपापल्या सातबाऱ्यावरच्या आरक्षणांपुरत्या असतात, आणि ज्याची जमीन जाते त्याने प्रथम तिच्याविषयी बोलावे हे स्वाभाविक आहे. पण कार्तिकीला देहू-आळंदी रस्त्याने पायी निघणाऱ्या दिंडीच्या वतीने, किंवा पहिल्या पाळीला कंपनीच्या बसथांब्याकडे जाणाऱ्या कामगाराच्या वतीने, हरकत कोणी घ्यावी? निदान या एका रस्त्यापुरता तरी महापालिकेने नियम करावा, की त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रत्येक नव्या इमारतीने सीमाभिंत मागे घेऊन सलग पदपथ, देशी झाडांची ओळ आणि पिण्याच्या पाण्याची एक जागा सार्वजनिक मालकीची म्हणून सोडावी, आणि ती प्रत्यक्ष ताब्यात आल्यावाचून वाढीव मजल्यांचा दाखला कोणालाही मिळू नये.