कासऱ्याची गाठ

आमच्या पेशात निवृत्तीचा दिवस आधीच ठरलेला असतो. सेवापुस्तकात जन्मतारीख लिहिली, की वयाची ५८ वर्षे कोणत्या महिन्याच्या अखेरीस पुरी होणार हे त्याच दिवशी नक्की होते. तो दिवस आला की शाल, श्रीफळ, पोरांची दोन गाणी, मुख्याध्यापकांचे भाषण, आणि माणूस घरी जातो. बाबा रे, आता पुरे, असे कोणी कोणाला सांगावे लागत नाही. ते कटू काम सरकारने आपल्याकडे घेतले आहे. मी उर्दू माध्यमात शिकलो, बी.एड. करून उर्दू माध्यमाच्याच शाळेत शिकवतो आणि असे पुष्कळ निरोप समारंभ पाहिले आहेत. पण ज्या पेशाला सेवापुस्तक नाही, त्यातल्या माणसाला ‘थांबा’ असे कोणी म्हणायचे? आणि तो माणूस आपला बाप असेल तर? हा प्रश्न माझ्या वाट्याला आला आणि त्यात मी चुकलो. त्या चुकीचा हिशेब मांडावा म्हणून हे लिहितो आहे.

माझे अब्बा बैलगाडी शर्यतीत गाडी हाकायचे. पुणे जिल्ह्यातल्या घाटात गाडा हाकणाऱ्यावाचून पळतो, पुढे घोडेस्वार असतो. आमच्या कृष्णाकाठच्या मैदानात मात्र हलक्या छकड्यावर माणूस उभा असतो आणि त्याला सगळे ‘ड्रायव्हर’च म्हणतात. अब्बांचे स्वतःचे शर्यतीचे बैल कधीच नव्हते. साखर कारखान्याच्या हंगामात ते बैलगाडीने ऊस वाहायचे आणि हंगाम संपला की दुसऱ्यांच्या खिल्लारांवर मैदाने मारायचे. मालकाशी ठरलेली हाकणावळ घ्यायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. कडेला पैशांच्या पैजा लागत, तिकडे ते पाठ करून बसत. त्यांच्या लेखी शर्यत वेगळी आणि जुगार वेगळा.

बाराव्या वर्षापासून मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. माझे काम बैल धरण्याचे. गटात सात गाड्या ओळीने लागतात. झेंडा पडेपर्यंत बैलांच्या तोंडाशी उभे राहून त्यांना थोपवायचे आणि झेंडा पडताच बाजूला उडी मारायची. गाडी आली की बैलांना सावकाश फिरवून त्यांचा दम उतरवायचा, अंग पुसायचे, खूर बघायचे. नोकरी लागल्यावरही रविवारी आणि सुट्टीत मी हेच करत राहिलो. शाळेत चाळीस पोरे माझे ऐकतात. मैदानात मी अब्बांच्या डोळ्याच्या इशाऱ्यावर चालायचो. बापाबरोबर काम केल्याने जो बाप दिसतो, तो घरात बसून दिसत नाही. घरी ते अबोल, थोडे तुसडेच. छकड्यावर मात्र त्यांचे दोन्ही हात बोलायचे. डावीकडचा बैल कच खातो आहे हे आम्हाला दिसायच्या आधी त्यांच्या मनगटाला कळलेले असे.

मग बंदी आली. जुलै २०११मध्ये केंद्र सरकारने खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदीचा शिक्का मारला. २०१७मध्ये राज्याने कायदा बदलला, पण उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदी अगदीच अकारण होती, असे मी म्हणणार नाही. बैलाच्या अंगाला खिळे टोचणारे, शेपटी पिरगाळणारे हात मी पाहिले आहेत. अब्बांच्या हातातही एकेकाळी चाबूक होता. आज जनावराला वेदना दिली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ते योग्यच आहे.

पण या तारखांच्या मधल्या काळात अब्बांचे वय ५१वरून ५९वर गेले. त्यांच्या वयाच्या माणसाने एव्हाना आपल्या मनाने गाडी सोडली असती. अब्बांना ती संधीच मिळाली नाही. कोर्टाने शर्यत थांबवली, मी थांबलो नाही, असे ते म्हणत. शर्यती सुरू झाल्या तेव्हा ते पेटीतून जुना फेटा काढून तयार होते. जो स्वतः थांबलेला नसतो, त्याला संपल्याची जाणीव होत नाही. बंद दाराबाहेर तो फक्त वाट पाहत बसलेला असतो.

२०२२च्या सुरुवातीच्या पहिल्याच मैदानात मला दिसले, की अब्बांच्या डाव्या मुठीतून कासरा सरकतो आहे. घरी लक्ष ठेवले. सदऱ्याची गुंडी लावताना डाव्या हाताची दोन बोटे मागे राहत होती. चहाची बशी ते उजव्या हाताने धरू लागले होते. मी काहीच बोललो नाही. बोलण्याऐवजी मी डाव्या कासऱ्याला ठरावीक अंतरावर जाड सुताच्या दोन गाठी मारल्या. अब्बांनी विचारले तेव्हा, हल्ली सगळे असेच करतात, म्हणून सांगितले. मालकाला बाजूला घेऊन विनंती केली, की अब्बांच्या गाडीला डावीकडे जरा शांत बैल जुंपा. जवळजवळ दोन वर्षे हे चालले. या सगळ्याला मी मनातल्या मनात ‘खिदमत’ म्हणत होतो.

२०२३च्या डिसेंबरात एका मैदानात निशाणाची रेघ ओलांडल्यावर डावा बैल कलला. अब्बांनी ओढले, पण गाठी मुठीतून निसटल्या आणि छकडा कडेच्या गर्दीत शिरला. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा पडला, त्याचा हात मोडला. बैलाचा गुडघा सोलवटला. मुलाचे आईबाप भले होते. त्यांनी तक्रार केली नाही. उपचाराचा सगळा खर्च अब्बांनी केला आणि प्लास्टर निघेपर्यंत दर जुम्याला नमाज झाली की ते त्या घरी जाऊन बसत.

त्या रात्री गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी तो कासरा माझ्यापुढे टाकला. “ये गाठ कायकू मारा था रे?” मी गप्प. “हात का पता था तेरेकू?” मी मान हलवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “फिर बोल्या नई?” आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते.

आपल्या घराघरांतून मुलांना शिकवले जाते, की आईबाप म्हातारे झाले तर त्यांच्यापुढे ‘उफ्’देखील म्हणू नये. कुरआनची ही शिकवण मी वर्गातही सांगत आलो आहे. पण त्याच जागी त्यांच्याशी अदबीने बोलण्याचीही आज्ञा आहे, आणि मी बोलणेच टाळले होते. ‘उफ्’ न म्हणणे आणि खरे न सांगणे या दोन गोष्टी मी एक करून टाकल्या. हजरत इब्राहीम (अ.) आपल्या वडिलांशी बोलतात तो प्रसंग आठवावा. विषय साऱ्या श्रद्धेचा, मतभेद टोकाचा. तरी चार वेळा ‘हे माझ्या अब्बा’ असे म्हणून ते आपले म्हणणे मांडतात. तिथे अदब आणि सत्य एकाच वाक्यात बसतात. मी अदबीसाठी सत्य सोडले होते, म्हणून माझ्या हाती अदबही राहिली नाही. अब्बांच्या नकळत त्यांच्यासाठी सोपे बैल मागणे म्हणजे त्यांना लहान मूल समजणेच होते.

अमेरिकेतल्या मोटार शर्यतींत पेटी घराण्याची एक हकीकत मला या संदर्भात फार विचार करायला लावते. १९५९ साली अटलांटाजवळ लेकवुडच्या मैदानात बाप ली आणि मुलगा रिचर्ड एकाच शर्यतीत होते. रिचर्डला विजयाचे निशाण दाखवले गेले. तो त्याचा पहिला विजय ठरला असता. बापाने हरकत घेतली, फेऱ्या पुन्हा मोजल्या गेल्या आणि विजय बापाच्या नावावर लागला. पहिल्याने वाचले तेव्हा हा बाप मला निर्दय वाटला. आता वाटत नाही. मोजणीत चूक होती आणि चुकीवर उभा असलेला विजय मुलाला देणे त्याला मान्य नव्हते. पुढे १९६१मध्ये डेटोनाच्या अपघातात ली जबर जखमी झाला, १९६४नंतर त्याने गाडी चालवणे सोडले आणि घराण्याच्या गाड्यांचा कारभार पाहिला. रिचर्डने कारकिर्दीत २०० शर्यती जिंकल्या. त्या बापाने मुलाला खोटा विजय दिला नाही. मी बापाला दोन वर्षे खोटा आधार दिला.

मी खरे का बोललो नाही, याची कारणे मी स्वतःला विचारली. पहिले उत्तर आले, आदर. दुसरे आले, भीती. तिसरे उत्तर यायला फार दिवस लागले. गावात मी मास्तर असलो, तरी मैदानात ‘त्यांचा मुलगा’ म्हणून माझी एक जागा होती. लाउडस्पीकरवर अब्बांचे नाव पुकारले जाई तेव्हा बैलांच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माझी छाती भरून येई. अब्बा उतरले असते तर मीही उतरलो असतो. माझ्या दयेत माझा स्वार्थ असा मिसळलेला होता. बापाला जपणारी आपण मुले कधी कधी त्याच्या नावात मिळालेली आपली जागा जपत असतो.

मग काय करायला हवे होते? कासरा हिसकावून घ्यायचा? तो अधिकार मुलाला आहे, असे मला आजही वाटत नाही. माणसाने आपले काम केव्हा सोडावे हे त्याने ठरवावे. पण ठरवायला लागते ती माहिती, आणि तीच मी दडवून ठेवली होती. निर्णय त्यांचा, पण जे दिसले ते सांगण्याचे कर्तव्य माझे. आणि याच्याही पुढे एक हद्द आहे. प्रश्न केवळ अब्बांच्या हाडांचा असता, तर तो बापलेकांचा प्रश्न राहिला असता. मैदानाच्या कडेला दुसऱ्यांची मुले उभी असतात. जुवाखाली दोन मुकी जनावरे असतात, ती आपल्याकडे अमानत म्हणून दिलेली असतात. ज्या क्षणी त्यांना धोका निर्माण झाला, त्या क्षणी माझे गप्प बसणे हा आमच्या घरातला मामला उरला नव्हता. त्या मुलाचा हात अब्बांच्या मुठीमुळे जितका मोडला, त्याहून अधिक माझ्या गाठींमुळे मोडला.

माझा एक सहकारी म्हणतो, की तू खरे सांगितले असतेस तर ते आधीच खचले असते. कदाचित. खरे ऐकून माणूस खचू शकतो, हे मी नाकारत नाही. कोणत्या वेळी, कोणत्या शब्दांत सांगावे याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. सांगायलाच हवे होते, एवढेच कळले आहे.

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची अज़्बा नावाची सांडणी होती. शर्यतीत तिला कोणी मागे टाकू शकत नसे. एकदा एका खेडूताच्या तरण्या उंटाने तिला हरवले तेव्हा सोबत्यांना वाईट वाटले. पैगंबरांनी त्यांना समजावले ते असे, की या दुनियेत जे वर चढते त्याला खाली आणणे ही अल्लाहची रीतच आहे. या हदीसमध्ये मला आता दोन गोष्टी दिसतात. हरणे कोणी लपवले नाही. आणि हरण्यात कोणाची बेअब्रूही मानली गेली नाही.

अब्बांनी त्या डिसेंबरनंतर गाडी हाकली नाही. शाल नाही, श्रीफळ नाही. जुना फेटा पुन्हा पेटीत गेला, इतकेच. ते सुखाने थांबले असे मी लिहिणार नाही. झेंडा पडतो तेव्हा त्यांची डावी मूठ अजून वळते, अर्धीच वळते. पण ते मैदानात येतात. मालक त्यांना खोंड दाखवायला नेतात. चालीवरून, खुरावरून ते जे सांगतात ते सहसा चुकत नाही. त्यांच्या छकड्यावर आता शेजारच्या गल्लीतला पोरगा उभा असतो आणि मी पूर्वीसारखाच बैल धरतो.

मागच्या महिन्यात एका गोठ्यात खोंड बघताना त्यांनी मला जवळ बोलावले. म्हणाले, “मास्तर, सच बोल. मेरी आँखां कैसी है?” मालक समोर उभा होता. जुनी सवय जिभेवर आली होती. मी म्हणालो, “अब्बा, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढलाय. परवा उंबऱ्याला अडखळलात.” त्यांनी मान हलवली. मग मला पुढे करून म्हणाले, “तो इसका पिछला पाँव तू देख. देख के बोल मेरेकू.”

मी वाकून बघितले आणि जसे दिसले तसे सांगितले.