टाचेवरचा भार

वाचकहो, मोडलेल्या पायावर पुन्हा भार टाकायला जो धीर लागतो, तो कोणता? प्रश्न दिसायला वैद्यकाचा, पण आहे धर्माचा. गीतेच्या अठराव्या अध्यायात धृती तीन प्रकारची सांगितली आहे. त्यातली तामस धृती आपण वाचून सोडून देतो. निद्रा, भय, शोक यांना धरून बसते, सोडीतच नाही, तीही धृतीच! भित्रा माणूस ढिला असतो असे नव्हे. भीतीवरची त्याची पकड फार घट्ट असते.

टाचेचे हाड पावलाच्या मागच्या सात हाडांत सर्वांत मोठे, आतून मात्र पावासारखे जाळीदार. माणूस झाडावरून, शिडीवरून पायांवर पडला की ते चेपते. शस्त्रक्रियेत पट्टी व स्क्रू बसवून त्याचा आकार परत आणतात. पण ती पट्टी हाड जुळेतो आकार धरून ठेवण्यापुरती. अंगाचा भार तिने वाहायचा नसतो. म्हणून साधारण ६ ते १२ आठवडे पाऊल टेकायची मनाई.

मजवर हा प्रसंग आला तेव्हा मंडळी म्हणाली, "महाराज, पांडुरंगाचं नाव घ्या नि राहा उभे, काय होतंय!" आता कीर्तन उभ्यानेच व्हायचे, बसून होते ते प्रवचन. मी ते तीन महिने प्रवचनेच केली. नाम पुढे करून डॉक्टरांची आज्ञा मोडावी, यात नामाचा महिमा कसला? त्यात लोकांच्या वाहवेचा लोभ. ती राजस धृती.

खरी गंमत पुढेच आहे. मनाई उठली, आणि पाय टेकवेना! क्ष-किरणाच्या चित्रात हाड सांधलेले, डॉक्टर म्हणतात टेका, मन म्हणते नको. वजनकाट्यावर पाऊल ठेवून आकडा पाहायचा, आज १० किलो, पुढे १५, मग २०. सगळे अंग आपले चांगल्या पायावर झुकते. हाडाचा स्वभाव असा की भार पडला तर ते बळावते, न पडला तर विरळ होते. जर्मन शल्यवैद्य युलियुस व्होल्फ यांनी हा नियम १८९२ साली ग्रंथात मांडला. म्हणजे पाय न टेकणे हाच काल संयम होता, आणि आज तेच भय! कृती एक, काळ निराळा. संध्येची वेळ टळली तर प्रायश्चित्ताचे अर्घ्य आहे, ते याच न्यायाने.

मग ओळखावे कसे? दुखण्यावरून सरसकट नाही, कारण दुखणारच. टेकल्यावर दुखले नि रात्रीच्या विश्रांतीने शमले, तर चालू द्यावे. सकाळी सूज नि ठणका वाढलेला दिसला, तर एक पायरी खाली यावे आणि डॉक्टरांना दाखवावे. घाई नको. सूज वर्षभरही रेंगाळते.

हल्ली मी कीर्तनाला उभा राहतो. सपाट जागी काही वाटत नाही. खडीच्या रस्त्यावर मात्र टाच अजून कुरकुरते, तेव्हा काठी घेतो.