पट्टा पडेपर्यंतचं घर

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि पोरं तेवढी उरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको संसार गाडीत भरून पश्चिम महाराष्ट्रातल्या, नाहीतर कर्नाटकातल्या उसाच्या फडांकडे निघतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपेपर्यंत, परतणं नाही. घराची घडी दरवर्षी मोडते, दरवर्षी पुन्हा बसते.

आईबापांबरोबर फडावर गेलेलं पोर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहतं, उसाचे वाढे गोळा करतं. मागे राहिलेली मुलगी आजीचं औषध, भावाचा डबा, पाणी सगळं बघते. शाळेत तिला ‘फार समंजस’ म्हणतात. हे कौतुक जरा तपासून घेतलेलं बरं. आपण कोण, पुढे काय व्हायचं, हे चाचपण्याचं काम एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने किशोरवयाकडे सोपवलं. त्यासाठी रुसायला, भांडायला, चुकायला मोकळीक लागते. जिच्यावर चूल अवलंबून आहे, तिने रुसायचं कुणावर?

जबाबदारी वाईटच, असं मात्र नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांचा 1974 चा अभ्यास याबाबत डोळे उघडणारा आहे. 1930 च्या दशकातल्या महामंदीत ओकलंडमधल्या अनेक घरांची मिळकत कोसळली, तेव्हा तिथली किशोरवयीन मुलं हातभार लावू लागली. त्यातली बरीच पुढे खंबीर निघाली. पण मुलगे बाहेर नोकऱ्या धरत होते, मुली घरकामात ओढल्या जात होत्या. तीच आपत्ती, पण एकाला तिने बाहेरचं जग दाखवलं, दुसरीला स्वयंपाकघर.

बीडमध्ये ही तफावत लग्नापर्यंत पोहोचते. तरण्या मुलीला सहा महिने कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही आईबापांची धास्ती खरी आहे. शिवाय उचल जोडीला मिळते. लग्न लावलं की नवा कोयता, म्हणजे ऊसतोडीची नवी जोडी, तयार. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या विवाहित-अविवाहित मिळून सर्व स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के होतं. बीडमध्ये जवळपास 44.

स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, पण शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण 6 ते 14 वयापुरतंच. नेमक्या त्यापुढच्या चार वर्षांत मुलीला निवारा, अभ्यास आणि तिचं ऐकून घेणारं मोठं माणूस हवं असतं. ही वसतिगृहं आधी नववी ते बारावीच्या मुलींसाठी, दिवाळीपूर्वी उघडायला हवीत.